दाराआडची माळीश

माझी पाठ बरी केली ती केनवडच्या एका मावशीनं. हात तिचे नव्हते, तिच्या नवऱ्याचे, म्हणजे काकांचे होते. तरी पाठ तिनंच बरी केली असं मी सांगतो, आणि काकाही तसंच सांगतात. नाव लिहीत नाही. "माहं नाव कायले लिवतं? म्या असं काय केलं?" म्हणून तिनं माझ्या हातातली वहीच मिटवून ठेवली असती.

मावशीचं वय साठीच्या पुढं. घर गावाच्या कडेला, मागं त्यांचं थोडं शेत, सोयाबीन निघून गेलेलं आणि तूर उभी. शेतात काका राबायचे, मावशी गावातल्या बाळंतिणींना आणि लेकरांना तेल लावायची. रोज सकाळी तेलाची बुधली काखेत मारून निघायची ती दोन-तीन घरं करून दुपारी यायची. कधी रिठदवरून मोटारसायकल घेऊन कुणी न्यायला यायचं. रस्त्यानं चांगला मिशीवाला माणूस गेला तरी ती म्हणायची, "हा माह्या हातचा हाये. रडे तं अर्धं गाव उठे." बाई असून ती 'मी जातो, मी करतो' असं बोलायची. तिकडं बायाही तसंच बोलतात. आधी मला हसू यायचं, नंतर तेच गोड वाटायला लागलं.

आता माझं. मी माणदेशातला. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. घरात आई आणि धाकटी बहीण, कमावणारं कुणी नाही. मामाच्या शेजारी बसून रोलर चालवायला शिकलो आणि जिथं रस्ता निघेल तिथं जात राहिलो. असाच वाशिम जिल्ह्यात आलो. आमच्या गावाहून इथं यायचं म्हणजे एक रात्र आणि वर अर्धा दिवस, तीन गाड्या बदलून. रोलर ज्या शेताच्या कडेला उभा राहायचा ते शेत काकांचं. रस्त्यावरच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये जागा नव्हती म्हणून त्यांच्याच घराची रस्त्याकडची खोली मला मिळाली.

माझा स्वभाव भित्रा. काळजी करणारा. रोलर बंद करून खाली उतरलो तरी ब्रेक लावलाय का हे बघायला पुन्हा वर चढायचो. साहेबानं नुसती हाक मारली तरी आता काढून टाकतात की काय, असं वाटायचं. काम गेलं तर दुसरं मला काही येत नाही, ही गोष्ट कायम डोक्यात. म्हणून मी कधी सुट्टी घेतली नाही, कधी कुरकुर केली नाही. मुरूम दाबताना रोलर नुसता चालत नाही, तो थरथरतो. ती थरथर सीटमधून माकडहाडात, तिथून मानेपर्यंत जाते. दिवसभर दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून जबडा आवळून बसायचं. कंबर दुखायला लागून कितीतरी महिने झाले होते. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर एका सकाळी रोलरवरून उतरताना डावा पाय जमिनीला लागला आणि कमरेत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं. वर होता येईना, खाली बसता येईना. तसाच वाकलेला, हात रोलरच्या चाकाला टेकलेले. गडी हसायला लागले, "चाकाच्या पाया पडून राह्यला का बे?" मग माझा चेहरा बघून धरायला धावले.

साहेब आले. वाईट माणूस नाही, पण त्यांच्याही मागं काम लागलेलं. म्हणाले, "पंधरा दिवसांनी डांबराचं मशीन येतंय. त्या दिवशी रोलरवर माणूस पाहिजे. तू बसलास तर तू. नाहीतर मी दुसरा सांगून ठेवतो, मग तू घरी जा, आराम कर."

घरी जा हे शब्द त्यांनी चांगल्या मनानं म्हटले. पण माझ्या कानात ते दिवसभर वाजत राहिले. वाकलेली कंबर घेऊन आईच्या दारात उभं राहायचं, आणि मग काय करायचं? पंधरा दिवस. तेवढेच माझ्या हातात होते.

आता माझी चूक सांगतो. आमच्या कॅम्पचा स्वयंपाकी तिथलाच. तो म्हणाला, "उसण भरली तुले. गोळ्या-बिळ्या काही खाऊ नको. पायाळू माणसाची लाथ खाय, एका मिनटात मोकळा होशीन." पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याचा पाय कमरेला लागला की उसण उतरते, हे आमच्याकडंही म्हणतात. आईनंही एकदा असा पाय लावून घेतलेला मी पाहिला होता. पण आमच्याकडं पाय नुसता लावतात.

केनवडचा बाजार भरला होता. तिथला पायाळू म्हणजे एक पानठेलेवाला, चांगला धिप्पाड. स्वयंपाक्यानं माझी कहाणी त्याला सांगितली. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारून तो म्हणाला, "किती दिवसाची हाये?"

"सकाळचीच."

"मंग ताजी हाये. तिकडे तोंड कर. लाथ बसली का मांगं पाहू नको. सरळ निंघून जाय."

माणसं जमली. मी ठेल्याकडं पाठ केली, डोळे मिटले. त्यानं चप्पल काढली आणि अशी लाथ घातली की मी सरळ पुढच्या भाजीवालीच्या वांग्यांवर जाऊन पडलो. ती ओरडली, "अवं माय! भरीत केलं ना बावा माह्या वांग्याचं!" बाजार हसला. पानठेलेवाला मागून म्हणतोय, "मांगं पाहू नको रे!" आणि मला मागं काय, पुढंही बघता येत नव्हतं. दोघांनी खांद्याला धरून घरी आणलं.

मावशी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. कुणीतरी तिला सगळं सांगितलं. ती आधी पदर तोंडाला लावून हसली. मग एकदम हसू पुसून उठली.

"काहून गेलता? कोनं सांगतलं तुले?"

मी म्हटलं, "मावशी, पंधरा दिवसांत सीटवर बसायचंय. दुसरं काय सुचलं न्हाई."

"अरे गाढवा, रुसलेल्या नशीले लाथ मारून समजावते का कोनी?" मग तिनं विचारलं ते मला आजही आठवतं, कारण दुसऱ्या दिवशी डॉक्टरनंही तेच विचारलं. पायात मुंग्या येतात का, पाय बधिर पडतो का, लघवीला काही त्रास होतो का. नाही म्हटलं. "तरी आदी रिसोडले जाय. फोटो काढ. डाक्टरनं हाड साबूत हाये म्हनलं तं मंग पुढचं पाहू. त्याच्या आदी या घरात तुह्या आंगाले कोनी हात लावनार नाई."

काकांनी रिसोडला नेलं. डॉक्टर म्हणाले हाड ठीक आहे, स्नायू आखडलेत. गोळ्या दिल्या, चार साधे व्यायाम दाखवले, आठवडाभर रोलरवर बसायचं नाही आणि अंथरुणात पडूनही राहायचं नाही, थोडं थोडं चालायचं. मी भीत भीत विचारलं, माळीश चालेल का? म्हणाले, "हलक्या हाताची चालेल. पण कुणाची लाथ चालणार नाही." बाजारातली गोष्ट रिसोडपर्यंत पोचली होती.

घरी येऊन मी मावशीला म्हटलं, "आता तुम्ही तेल लावता का?"

ती एक पाऊल मागं सरली. "मी बाया न् लेकरं पाहतो. मिशीवाल्याच्या आंगाले मी हात लावत नाई. माह्या सासूनं सांगतलेलं हाये. तिच्या सासूनं तिले."

मी मान खाली घातली. आधार सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात तिनंच तोड काढली. काका हातपाय धुऊन ओट्यावर बसले होते. त्यांच्याकडं बोट करून म्हणाली, "याह्यचे हात हायेत ना. सांगतो मी, करतीन थे."

काका म्हणाले, "म्या? म्या जनमात बैलाले सोडून कोनाले खरारा नाई केला."

"मंग आता शिका. कोनतं वय झालं तुमचं!"

असं ते सुरू झालं. रोज ऊन कलायला लागलं की काका शेतातून यायचे. खोलीत पोतं अंथरलेलं, त्यावर मी पालथा. जवसाच्या तेलात ओवा आणि लसूण टाकून मावशी ते कोमट करून दाराशी ठेवायची आणि स्वतः दाराच्या पलीकडं, आमच्याकडं पाठ करून ओट्यावर बसायची. दार अर्धं लोटलेलं. तिला आम्ही दिसायचो नाही. तिच्या हातात सूप, तोंडाला काम.

"आंगठा खुपसू नका. तळवा ठेवा. ठेवला?"

"ठेवला."

"नुसता ठेवा. घासू नका अजून. गरम होऊ द्या आंग. लेकराले सुदा आदी हात ठेवतो मी, मंग फिरवतो. अनोळखी हात आला तं आंग भेते."

काकांचे हात म्हणजे खरखरीत काथ्या. पहिल्या दिवशी त्यांनी असा जोर लावला की मी ओरडलो. बाहेरून आवाज आला, "बैलाले खरारा करून राह्यले का तिकडे?"

"तूच ये ना मंग!"

"मी नाई येत. हळू करा. मनक्यावर नाई, मनक्याच्या दोई बाजूनं, खालून वर. दुखलं का थांबा, पन हात उचलू नका."

तीन दिवसांत मी काठी न धरता अंगणभर चालायला लागलो. वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक घ्यायचा, डॉक्टरनं सांगितलेले व्यायाम करायचे, तुरीच्या बांधापर्यंत जाऊन परत यायचं. बरं वाटत होतं. आणि बरं वाटलं तशी माझी भीती वाढली. आता बसता येईल का, मग आजच का नको? साहेबांनी दुसरा माणूस खरंच सांगून ठेवला असेल तर?

पाचव्या दिवशी काका-मावशी एका बारशाला गेले होते. मी गुपचूप रोलरवर गेलो. माझ्या जागी तात्पुरता टिपरवरचा ड्रायव्हर बसवला होता, त्याला म्हटलं, "जरा बसून बघतो." एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला कंबर पुन्हा दगड झाली. कसाबसा खोलीवर आलो आणि कुणाला काही बोललो नाही.

त्या संध्याकाळी काका रोजच्यासारखे बसले. तेल तेच, हात तेच. पण पाठ ऐकेना. काका म्हणाले, "आज लय कडक लागून राह्यली."

बाहेर सुपाचा आवाज थांबला. मावशीनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "पोट्ट्या, आज बसला होता ना मशीनवर?"

मी तोंड पोत्यात आणखी खुपसलं.

"माह्यापासून लपवून कोनाचं भलं करशीन? तुह्या श्वासावरून समजते मले. काका हात खाली नेतात तवा तू श्वास कोंडून धरतं. सोडतच नाई. पयल्या दिवसापासून आयकून राह्यलो मी. वाटलं, आज सुटंन, उद्या सुटंन."

मग मी सांगितलं. पालथा पडून, तोंड पोत्यात, सगळं सांगितलं. साहेब, दुसरा माणूस, आई, नववी, मला दुसरं काही येत नाही हे सगळं. चेहरा दिसत नव्हता म्हणून जमलं असेल. काकांचा हात पाठीवर तसाच होता.

मावशी रागावली नाही. तिनं काकांना विचारलं, "त्याच्या मुठी पाहा बरं. झाकलेल्या हायेत का उघड्या?"

काकांनी बघितलं. "झाकलेल्या. पांढऱ्या पडल्या हायेत."

"मंग पाठ सोडा. आज पाठीले हात लावू नका. मुठी घ्या."

काका चक्रावले. "कंबर दुखते त्याची, अन् हात कायले?"

"मी सांगतो तेवढं करा. नवं लेकरू असंच येते. मुठी झाकून येते. भेलेलं असते ना बिचारं. त्याची मूठ वढून उघडली तं अजून घट्ट धरते. मनगटापासून हळू हळू खाली येवा, हाताच्या पाठीवरून. बोटं आपोआप उघडतीन."

एवढ्या मोठ्या माणसाची मूठ एवढा मोठा माणूस चोळतोय, मला लाज वाटली. काकांनाही वाटली असावी, ते खाकरले. पण त्यांनी मनगट धरलं आणि अंगठ्याच्या पोटानं खाली येत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेरून मावशी मधूनमधून म्हणायची, "श्वास सोड. अजून. सारा सोड. कोनी नेत नाई तुले." एक बोट सुटलं, मग दुसरं. तळहातावर तेल लागलं तेव्हा मला कळलं की मी कित्येक दिवस मुठी आवळूनच जेवत, चालत, झोपत होतो. मग डावा हात. मग तळपाय. जबडा कधी सैल झाला ते समजलंच नाही.

डोळे उघडले तेव्हा काका गेले होते, अंगावर चादर होती आणि दिवेलागण झाली होती. झोप लागली होती मला. कंबर दुखत होतीच, पण ती आता माझ्याशी भांडत नव्हती.

पुढचे दिवस मी चोरी केली नाही. मावशीनं काकांना रोज आधी हात, मग पाय आणि शेवटी पाठ असा क्रम लावून दिला. साहेबांकडं मी स्वतः गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणा साहेबाकडं मी न बोलावता गेलो असेन. म्हटलं, "साहेब, मी बसतो. पण तासा-दीड तासानं पाच मिनिटं खाली उतरणार. डॉक्टरनं सांगितलंय. आणि सीटखाली मला जाड गादी पाहिजे, ती फाटलीय."

साहेब म्हणाले, "बाळंतीण आहेस का रे?"

गडी हसले. मीही हसलो आणि म्हटलं, "माळीश तर त्यांचीच चाललीय साहेब."

त्यांनी मान हलवली. गादी आली. उतरायलाही होकार मिळाला. एवढीच गोष्ट मी सहा महिने मागायला भीत होतो.

डांबराच्या दिवशी सकाळपासून धूर आणि वास. मशीन पुढं थर टाकत निघालं, मागं मी. गरम डांबर थांबत नाही. ते गार व्हायच्या आत दाबावं लागतं, म्हणून माणूस घाबरतो आणि आवळून बसतो. मी दर वळणाला स्टिअरिंगवरची बोटं एकदा सैल करायचो आणि श्वास सोडायचो. ठरल्या वेळी उतरायचो, रस्त्याच्या कडेनं चालायचो. गडी चिडवायचे, "बाळंतीन हिंडाले निंघाली!" चिडवू देत. काका बांधावर विळा घेऊन उभे होते. विळ्याला काम नव्हतं, ते मला बघायलाच उभे होते हे मला दिसत होतं. दुपार झाली, ऊन उतरलं, शेवटची फेरी झाली. रोलर बंद करून मी पाय जमिनीला लावला आणि थांबलो. खिळा आला नाही. कंबर थकली होती, पण सरळ होती.

साहेब जाताना एवढंच म्हणाले, "उद्या सातला ये."

ते काम संपलं आणि आता आमची गाडी कारंज्याकडं, धनजच्या बाजूला आलीय. हे मी इथंच, दुपारच्या सुट्टीत लिहितोय. पाठ कधी कधी दुखते. दुखली की आधी मुठी बघतो. इथल्या दोघा ड्रायव्हरना मी संध्याकाळी तेल लावून देतो. पायात मुंग्या येतात असं एक जण म्हणाला, त्याला मात्र हात न लावता आधी डॉक्टरकडं पाठवलं.

केनवड सोडलं त्या दिवशी मावशीनं भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली. गाठ मारताना तिचे अंगठे मला नीट दिसले. सांध्यापाशी सुजलेले, डावा तर वाकतच नव्हता. इतकी वर्षं लोकांची अंगं चोळून झालेलं ते. गाठ तिला बसेना. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला कोण तेल लावतं?"

तिला तो प्रश्नच विचित्र वाटला. "मले कोन लावते बाप्पा? मले कायले पायजे?"

काका म्हणाले, "म्या म्हनलं होतं. तं म्हनते, तुमचे हात बैलाच्याच कामाचे."

दोघं हसले. मला हसू आलं नाही. मी गाठ मारून घेतली, वाकून पाया पडलो, आणि गाडीनं हॉर्न दिला म्हणून निघालो. म्हणायचं होतं ते राहून गेलं, ते इथं म्हणतो.

मावशी, तुम्ही मिशीवाल्याला हात लावत नाही. नका लावू. पण लेकानं आईच्या हाताला तेल लावलं तर तुमच्या सासूचंही काही म्हणणं नसेल. इथलं काम आटोपलं, चार दिवसांची सुट्टी मागायचं धाडस झालं, आणि ते आता होईल असं वाटतं, की मी आधी केनवडला उतरेन. कोमट तेल मीच करीन. मनगटापासून हळूहळू खाली येईन, तुम्ही सांगितलं तसं, आणि तुमचे दोन्ही अंगठे मोकळे होईपर्यंत उठणार नाही. आज ना उद्या, पण येईन हे नक्की.